महापुरातून वाचलेला लेथ : उघडण्याआधी मोजून घ्या

वाचकाचे पत्र : माझे वडील टर्नर होते. सांगलीत त्यांचे छोटे वर्कशॉप होते. पंपांचे शाफ्ट, बुश, ऑइल इंजिनांचे सुटे भाग अशी कामे ते करीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचा साडेचार फूट लांब बेडचा, पट्ट्यावर चालणारा लेथ (धातूचे काम फिरवून कापण्याचे यंत्र) काही दिवस पाण्यात होता. पाणी बेडच्या (यंत्राच्या लांब बिडाच्या पायाच्या) वर, जवळपास स्पिंडलपर्यंत (काम फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत) चढले होते. पाणी ओसरल्यावर वडिलांनी तो धुऊन, तेल लावून ताडपत्रीखाली झाकला, पण पुन्हा चालवला नाही. आता ते नाहीत. मी विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे, आणि हा लेथ दुरुस्त करून त्यावर लहानसे वाफेचे इंजिन बनवावे अशी माझी फार इच्छा आहे. ओळखीचे एक मिस्त्री म्हणतात की यंत्र पूर्ण उघडून बेड ग्राइंड करून घ्या, मगच पुढचे बोला. धाकटे बंधू म्हणतात की भंगारात द्या आणि नवा छोटा लेथ मागवा. घरी वीज सिंगल फेज आहे. बारा वर्षांची नात ‘मीही शिकणार’ म्हणून हटून बसली आहे. सुरुवात कोठून करू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण अर्ध्या ओळीत उरकली आहे, ती म्हणजे पाणी ओसरताच वडिलांनी लेथ धुऊन त्याला तेल लावले ही. पुराचा गाळ फार बारीक असतो. तो फटींत जाऊन बसतो, ओल धरून ठेवतो आणि त्या थराखाली लोखंड महिनोन्महिने कुरतडले जाते. गाळ तसाच वाळू दिलेल्या यंत्रांच्या बेडवर पडलेले खड्डे मी पाहिले आहेत. घरदार सावरायचे असताना ज्यांनी वेळ काढून लेथ धुतला, त्यांनी आपले निम्मे काम करून ठेवले आहे. म्हणून बंधूंचा सल्ला मला मान्य नाही. भंगारवाला केवळ वजनाचे पैसे देईल. त्या वजनात मात्र वर्षानुवर्षे ताण निवळून स्थिरावलेला बिडाचा बेड आहे, आणि त्याच्यासारखा जड बेड आपल्याला नव्याने घेणे परवडणार नाही. नव्या छोट्या लेथला मी नावे ठेवत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसासाठी तो चांगला पर्याय आहे. पण हलक्या यंत्रावर टूल (कापणारे हत्यार) थरथरते, कट लहान घ्यावा लागतो, आणि शिकणाऱ्याला दोष आपल्या हाताचा की यंत्राचा हे ओळखता येत नाही. आपल्याकडे जागा आहे आणि जड यंत्रही आहे. छंद म्हणून इंजिने बनवणाऱ्या मंडळींत सर्वाधिक नावाजलेला इंग्लंडचा मायफर्ड एमएल-७ हा लेथ १९४६ मध्ये बाजारात आला. त्याच्या बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची अवघी साडेतीन इंच आहे, आणि तेवढ्यावर लोकांनी रुळांवर धावणारी लहान वाफेची इंजिने उभी केली. आपला साडेचार फुटी लेथ त्याहून मोठा आहे.

आता मिस्त्रींच्या सल्ल्याविषयी. ते अनुभवी असतील आणि कारखान्यात रोज दहा तास उत्पादन काढणाऱ्या लेथबद्दल त्यांचे म्हणणे कदाचित बरोबरही असेल. आपल्या बाबतीत मात्र बेड ग्राइंड करणे हे पहिले पाऊल नव्हे, आणि बहुधा शेवटचेही नसावे.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगत आहे. माझा पहिला जुना लेथ मी असाच एका ठिकाणी ग्राइंडिंगला दिला होता. बेड आरशासारखा होऊन परत आला, आणि त्यावरून सुमारे ०.४ मिलिमीटर धातू निघाला होता. घरी येऊन जुळवणी सुरू केली तेव्हा कळले की बेड जेवढा उतरला तेवढेच त्यावरचे सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) खाली आले आहे, सॅडलबरोबर त्याला पुढून जोडलेला एप्रन खाली आला आहे, आणि लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) मात्र आपल्या ब्रॅकेटांमध्ये जुन्याच उंचीवर आहे. लीड स्क्रूला पकडणारा एप्रनमधील हाफ नट मिटला की लीड स्क्रू वाकत असे. कामाच्या मोकळ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉकही खाली उतरला होता, कारण स्पिंडल धरणारा हेडस्टॉक ज्या भागावर बसतो तो भाग ग्राइंड केलेलाच नव्हता. पुढे सॅडलखाली टर्साइट या प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून, ती खरवडून, टेलस्टॉकखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून सारे पूर्वपदावर आणण्यात माझे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मी एकही इंजिन बनवले नाही. ग्राइंडिंग करणाऱ्याने आपले काम चोख केले होते. चूक माझी होती, कारण यंत्र किती झिजले आहे आणि त्या झिजेने कामात प्रत्यक्ष किती फरक पडतो हे मी आधी मोजलेच नव्हते.

आपण विज्ञानाचे शिक्षक आहात, तेव्हा हा हिशेब आपणच करून पाहा. चकजवळ (काम पकडणाऱ्या भागाजवळ) बेड झिजून सॅडल, आणि त्यासोबत टूलचे टोक, सरळ खाली ०.१ मिलिमीटर उतरले असे समजा. काम २५ मिलिमीटर व्यासाचे आहे. टूल मध्यरेषेच्या ०.१ खाली गेल्यावर त्रिज्येत पडणारा फरक पायथागोरसच्या प्रमेयाने काढला तर तो ०.०००४ मिलिमीटर येतो, म्हणजे व्यासात एक मायक्रॉनही फरक पडत नाही. हेच टूल ०.१ मिलिमीटर आडवे, कामापासून दूर सरकले तर व्यास थेट ०.२ मिलिमीटरने वाढेल. उभी झीज क्षम्य असते आणि आडवी झीज घातक असते. बेडवर बोट फिरवून जी पायरी हाताला लागते ती बहुतेक वेळा उभ्या झिजेची असते, आणि ती पाहूनच लोक घाबरतात. एक सावधगिरी मात्र हवी. आपल्या लेथचा बेड वरून सपाट नसून उलट्या व्ही आकाराचा असेल, तर पुढची व्ही मागच्यापेक्षा अधिक झिजते, सॅडल पुढे कलते आणि उभ्या झिजेतून थोडी आडवी चूक निर्माण होते. म्हणून नुसते डोळ्यांनी पाहून निर्णय न घेता कट घेऊन मोजायचे. ते कसे, हे पुढे सांगतो.

मोजण्याआधी यंत्र फिरले पाहिजे, आणि येथे आपल्या लेथची गोष्ट इतर जुन्या लेथपेक्षा वेगळी आहे. कोरड्या शेडमध्ये पडून राहिलेला लेथ मी कोणालाही आधी आहे तसा चालवून पाहायला सांगतो. पुराचे पाणी स्पिंडलपर्यंत पोहोचलेला लेथ तसा चालवता येणार नाही. वडिलांनी बाहेरून कितीही धुतला असला तरी स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये आणि तेलाच्या भोकांत गाळ असणारच, आणि त्या अवस्थेत दोन मिनिटे जरी मोटर चालली तरी गनमेटलच्या (काशाच्या जातीच्या मिश्रधातूच्या) बुशवर, म्हणजे स्पिंडल ज्यात फिरतो त्या कड्यावर, चरे पडतील. तेव्हा हेडस्टॉक उघडावा लागेल, पण फक्त हेडस्टॉक, आणि तो पूर्ण होऊन परत बसेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नये. सगळे यंत्र एकदम उघडून सुटे भाग जमिनीवर पसरलेल्या शेडमध्येच जुन्या लेथची पुन्हा उभारणी कायमची थांबते. उत्साह संपतो आणि कोणता बोल्ट कोठला हे आठवेनासे होते.

उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. असे जुने लेथ बहुधा दोन भागांच्या बुशचे असतात. वरची कॅप काढल्यावर कॅप आणि बैठक यांच्या फटीत पितळी किंवा पोलादी पत्र्याचे पातळ शिम मिळतील. हे शिम म्हणजे वडिलांचे हस्ताक्षर समजा. पुढच्या बेअरिंगचे कोणते, मागच्याचे कोणते, डावीकडचे कोणते आणि उजवीकडचे कोणते, हे लिहून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा आणि त्याच जागी परत घाला. बुश, स्पिंडलचा बेअरिंगवर फिरणारा भाग आणि तेलाची भोके डिझेलने धुवा. भोकांतून पातळ तार फिरवा, जुनी लोकर किंवा नमद्याच्या वाती असतील तर त्या फेकून नव्या घाला. जोडल्यावर चक हाताने फिरवून पाहा. मग चकच्या वर डायल गेज लावून, चकखाली लाकडी दांडा घालून हलके उचला. गेजचा काटा ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर हलला तर बेअरिंग उत्तम आहे असे समजून पुढे चला. त्याहून जास्त हलला तर एखादा पातळ शिम कमी करून पुन्हा पाहा. या बुशच्या जागी बॉल बेअरिंग बसवण्याचा सल्ला कोणी दिलाच तर तो कृपया घेऊ नका. नीट बसलेले गनमेटल बुश अतिशय गुळगुळीत फिनिश देते. तेलाच्या भोकांत ग्रीस कधीही भरू नका. ग्रीस आत घट्ट होऊन मार्ग बंद करते आणि वरून घातलेले तेल बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. सॅडल आणि बेडसाठी ६८ ग्रेडचे स्लाइड-वे तेल वापरावे.

गंज काढताना एक नियम पाळावा. बेडवर एमरी कागद चालवू नये. त्याचे कण बिडात रुतून बसतात आणि पुढे सॅडलच्या बैठकीला खात राहतात. तेल लावून, जुन्या ब्लेडची धार आडवी धरून गंज खरवडा. बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते. राहिलेले काळे डाग राहू द्या, ते कामात अडथळा आणत नाहीत. हँडव्हील, ब्रॅकेट, चेंज गिअर (आट्यांचे माप ठरवणारी बदलती दातेरी चाके) अशा सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातील विद्युत पद्धत फार सोयीची आहे, आणि आपल्याला ती वर्गात शिकवल्याप्रमाणे परिचित असेल. प्लॅस्टिकचा टब, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या निकामी पट्टीला. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्या हवेत ठेवावा. ॲल्युमिनिअम आणि जस्ताचे भाग यात घालू नयेत. जुना रंग काढताना तो ओला करूनच खरवडा. पूर्वीच्या रंगांत शिसे असे, आणि त्याची कोरडी धूळ आपल्याला व विशेषतः नातीला अपायकारक आहे. नवा रंग मात्र अगदी शेवटी, इंजिन झाल्यावर. रंगाने यंत्र सुंदर दिसते, अचूक होत नाही.

विजेचे काम स्वतः करू नका, पण काय करून घ्यायचे ते जाणून घ्या. वडिलांची मोटर थ्री फेज असेल आणि तीही पाण्यात होती. रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊन तिची मेगर चाचणी (वाइंडिंगच्या इन्सुलेशनची तपासणी) करून घ्या. मोटर ठीक असेल तर ती बदलण्याचे कारण नाही. ४१५ व्होल्टच्या स्टार जोडणीची मोटर डेल्टा जोडणीत २४० व्होल्टवर चालते, आणि सिंगल फेजवरून २४० व्होल्टचे थ्री फेज देणारा व्हीएफडी आता सहज मिळतो. लहान मोटरींत स्टारचा मधला जोड आतच बांधलेला असतो, तेव्हा सहाही टोके बाहेर काढून देण्यास सांगावे. व्हीएफडीचा मोह असा की वेग बटणाने बदलतो, उलटे फिरवता येते आणि क्षणात थांबवता येते. यातील शेवटच्या दोन गोष्टी आपल्या लेथवर धोक्याच्या आहेत. जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी चढवलेला असतो. स्पिंडल उलटा फिरवला किंवा झटक्यात थांबवला की जड चक स्वतःच्या गतीने आटे सोडून बाहेर येऊ शकतो. म्हणून उलट दिशा बंद करून ठेवा आणि थांबण्याचा वेळ चार-पाच सेकंदांचा ठेवा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, हाताशी लाल मशरूम बटण आणि पट्ट्यावर जाळीचे झाकण, यांशिवाय यंत्र सुरू करू नये. सपाट पट्टा काढून व्ही बेल्ट घालण्याची घाई नको. टूल अडकले तर सपाट पट्टा घसरतो आणि काहीतरी मोडण्याआधी यंत्र थांबते. शिकणाऱ्याला हे फार उपयोगी आहे.

यंत्र फिरू लागले की मोजमाप. २५ ते ३० मिलिमीटर व्यासाचा बार चकमध्ये पकडून साधारण १२० मिलिमीटर बाहेर ठेवा. टेलस्टॉकचा आधार देऊ नका. बारचा मधला भाग थोडा उतरवून दोन्ही टोकांना एकेक कॉलर (न उतरवलेले जाड कडे) सोडा. मग धारदार टूलने अगदी बारीक कट घेत, क्रॉस स्लाइडला (टूल आडवे आत-बाहेर नेणाऱ्या भागाला) हात न लावता, दोन्ही कॉलर एका दमात कापा आणि मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही सारख्या आल्या तर प्रश्न मिटला. टेलस्टॉककडची कॉलर मोठी आली, तर झिजेवर खापर फोडण्याआधी बेडला पीळ पडला आहे का ते पाहा. जमीन समतल नसेल आणि पायाचे बोल्ट आवळले असतील, तर एवढा जड बेडही पिळतो. टेलस्टॉकच्या टोकाच्या पुढच्या पायाखाली पातळ शिम घाला, बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या, पुन्हा मोजा. ती कॉलर लहान आली असेल तर मागच्या पायाखाली घाला. गवंड्याची लेव्हल या कामाला पुरत नाही आणि तिची गरजही नाही. जहाजावरच्या वर्कशॉपमध्येही लेथ चालतो आणि अचूक काम देतो, कारण बेड समतल असण्यापेक्षा तो न पिळलेला असणे महत्त्वाचे असते. शंभर मिलिमीटर अंतरावरच्या दोन कॉलरींत ०.०२ मिलिमीटरचा फरक राहिला तर तेथेच थांबा. लहान इंजिनाला ते भरपूर आहे. जे लेथ ‘झिजलेले’ म्हणून काढून टाकले जातात, त्यांतील अनेकांचा खरा दोष त्यांच्या पायाखाली असतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

क्रॉस स्लाइडच्या हँडलला पाव फेरा बॅकलॅश (स्क्रूची मोकळी फिरत) आढळला तरी घाबरू नये. नेहमी एकाच दिशेने, आत येत माप घेतले की बॅकलॅशचा अचूकतेशी संबंध राहत नाही. गिब पट्ट्या (सरकत्या भागांतील ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) मात्र नीट बसवाव्यात, आणि त्या बेडच्या न झिजलेल्या, टेलस्टॉककडच्या भागात तपासाव्यात. चकजवळच्या झिजलेल्या भागात घट्ट केल्या तर सॅडल दुसऱ्या टोकाला अडकेल. तीन जबड्यांचा थ्री जॉ चक जुना असेल तर त्यात काम थोडे बाहेर फिरेल. उपाय नव्या चकचा नाही. जे व्यास एकमेकांशी जुळायला हवेत ते सर्व एकाच सेटिंगमध्ये, काम न सोडता कापायचे, आणि पुन्हा पकडायची वेळ आली तर चारही जबडे स्वतंत्र हलणाऱ्या फोर जॉ चकमध्ये डायल गेजने जुळवायचे. ही सवय लागली की चकचा दोष कामात उतरत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या इंजिनाकडे येऊ. पहिले इंजिन ओतीव भागांचे करू नका. इंग्लंडचे स्टुअर्ट १०व्ही हे पाऊण इंच बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि पाऊण इंच स्ट्रोकचे (पिस्टनच्या चालीचे) उभे इंजिन जगभर लोकप्रिय आहे, आणि ते आपल्याही मनात असेल. ते दुसरे किंवा तिसरे असावे. पहिल्यासाठी डोलणाऱ्या सिलिंडरचे, एकाच बाजूने ढकलणारे इंजिन घ्या. त्याला वेगळी व्हॉल्व्ह लागत नाही. सिलिंडर स्वतःच खिळीभोवती डोलतो, त्याच्या सपाट तोंडावरचे भोक एका बाजूला कलले की आत येणाऱ्या हवेच्या भोकासमोर येते आणि दुसऱ्या बाजूला कलले की बाहेर जाणाऱ्या भोकासमोर. पितळी चौरस पट्टी, पोलादी रॉड, जाड पत्रा आणि फ्लायव्हीलसाठी एखादी बिडाची चकती, इतके साहित्य पुरते, आणि त्यातले बरेचसे वडिलांच्या शेडमध्येच सापडेल.

मापे अशी धरा. बोअर १२ मिलिमीटर, क्रँकची त्रिज्या १० म्हणजे स्ट्रोक २०, आणि क्रँकशाफ्टच्या मध्यापासून सिलिंडरच्या खिळीपर्यंत ५० मिलिमीटर. पिस्टनचा दांडा क्रँकपिनच्या वर्तुळाला स्पर्शरेषेत येतो तेव्हा सिलिंडर सर्वाधिक कलतो. त्या कोनाची ज्या (साइन) १० भागिले ५०, म्हणजे ०.२, आणि कोन साडेअकरा अंशांच्या आसपास. सिलिंडरवरील भोक खिळीपासून १६ मिलिमीटरवर असेल, तर ते मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ३.२ मिलिमीटर सरकेल. मग फ्रेमवरची दोन भोके मध्यरेषेपासून ३.२ मिलिमीटरवर हवीत, आणि तिन्ही भोकांचा व्यास ३ मिलिमीटर ठेवला तर सिलिंडर सरळ उभा असताना दोन्ही बाजू जेमतेम बंद राहतात. हे गणित आठवी-नववीचे आहे, पण ते धातूत उतरताना पाहण्याचा आनंद वेगळा आहे.

सिलिंडरचा ठोकळा फोर जॉमध्ये जुळवून बोअर करा आणि शेवटी १२ मिलिमीटरचा रीमर (भोक अचूक मापाचे करणारे हत्यार) फिरवा. पिस्टन त्याहून ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर लहान ठेवून त्यावर तेलासाठी दोन बारीक खाचा पाडा. पिस्टन बोअरमध्ये घालून, वरचे भोक बोटाने दाबून सोडल्यावर तो सावकाश उतरला पाहिजे. इंजिन चालवायला टायरमध्ये हवा भरण्याचा छोटा कंप्रेसर आणि रेग्युलेटर पुरे, एक बारच्या आत. नीट जमलेले असे इंजिन तोंडाने फुंकूनही दोन-चार फेरे घेते.

पहिल्या प्रयत्नात ते फिरले नाही तर निराश होऊ नका. बहुधा तीनच ठिकाणी पाहावे लागते. सिलिंडर आणि फ्रेमची तोंडे एकमेकांवर पूर्ण टेकत नसतील, तर एकावर पातळ निळा रंग लावून घासा, दुसऱ्यावर जेथे निळे उमटेल ते उंचवटे आहेत, तेवढेच खरवडा. मोठे कारागीर बेडवर हेच काम करतात, आपण ते नखाएवढ्या जागेत शिकाल. क्रँकपिन क्रँकशाफ्टला समांतर नसेल तर इंजिन प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी जड जाईल. आणि सिलिंडरला फ्रेमवर दाबून धरणारी स्प्रिंग गरजेपेक्षा घट्ट असेल तर सारे जमूनही ते थांबेल. मी या तिन्ही चुका केल्या आहेत आणि प्रत्येकीचा छडा लागला ती संध्याकाळ मला आजही आठवते.

दुसऱ्या इंजिनासाठी परदेशातून ओतीव भागांचा संच मागवण्याऐवजी एक वेगळा मार्ग सुचवतो. कोल्हापूर आपल्यापासून जवळ आहे, आणि तेथील शिवाजी उद्यमनगर व आसपासच्या ओतशाळांचे काम देशभर जाते. फ्लायव्हील, बेडप्लेट आणि सिलिंडर यांचे लाकडी पॅटर्न (साचा घेण्यासाठीचे नमुने) स्वतः करा. बीड गार होताना सुमारे एक टक्का आकसते, तेवढे आणि कापण्यासाठी दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवा. पातळ कडा लवकर गार होऊन काचेसारख्या कडक होतात आणि टूल मोडतात, तेव्हा कोपरे गोल ठेवा. एवढ्या लहान कामाला ओतशाळा नकार देतील असे वाटेल, पण त्यांच्या रोजच्या साच्यांच्या कोपऱ्यात आपला पॅटर्न बसवून देणारा मालक भेटतो. पॅटर्न स्वच्छ असावा आणि आपण घाई करू नये, इतकेच.

बॉयलरविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. तो पहिल्या वर्षी करू नका. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे बॉयलरच्या कायदेशीर व्याख्येबाहेर राहते, पण त्यामुळे ते निर्धोक ठरत नाही, उलट त्याची तपासणी करणारे कोणी नसते म्हणून जबाबदारी सर्वस्वी आपली होते. पुढे करालच तेव्हा तांब्याचा करा, सांधे कथिलाच्या नव्हे तर चांदीच्या डाखाने, आणि तोही कॅडमिअमविरहित. पहिली चाचणी वाफेची नसते. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन पाहायचा. पाणी दाबले जात नसल्याने सांधा सुटला तरी नुसती गळती होते, हवा किंवा वाफ असती तर तोच तुकडा उडाला असता. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पाण्याची काच नसलेला बॉयलर पेटवायचा नाही, घरच्यांना दाखवण्यासाठीसुद्धा नाही.

नातीला अवश्य सोबत घ्या. डोळ्यांवर गॉगल, केस बांधलेले, ओढणी किंवा सैल बाही नाही, आणि हातमोजे अजिबात नाहीत, कारण फिरत्या कामात मोज्याबरोबर हात ओढला जातो. हे नियम आपल्यालाही तेवढेच लागू आहेत. चकची चावी हातातून सुटली की ती थेट खुंटीवर, चकमध्ये एक क्षणही राहू द्यायची नाही, हा नियम तिलाच सांभाळायला द्या. मुले असे नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळतात आणि पाळायला लावतात. मोटर चालू असताना हँडल धरायला अजून एक-दोन वर्षे थांबू द्या, पण मार्किंग, कानस, हाताने आटे पाडणे आणि मायक्रोमीटर वाचणे ती आजपासून करू शकते.

आणखी एक काम तिच्यासाठी राखून ठेवले आहे. वडिलांच्या शेडमध्ये चेंज गिअरचा एखादा डबा किंवा तारेत ओवलेला जुडगा नक्की असेल. गंजलेले, वेगवेगळ्या आकारांचे, बिनकामाचे वाटणारे ते गिअर कोणालाही देऊ नका. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंचांच्या हिशेबाचा असतो, आणि त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचे गिअर लागते, कारण एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. पंपांच्या शाफ्टवर दोन्ही प्रकारचे आटे पाडणाऱ्या आपल्या वडिलांनी ते कोठून तरी मिळवून ठेवले असण्याची मला बरीच आशा वाटते. नातीला डिझेलची वाटी, जुना टूथब्रश आणि खडू द्या. ती एकेक गिअर धुईल, पहिल्या दातावर खूण करून मोजेल आणि आकडा बाजूवर लिहील. त्या आकड्यांची यादी, दोन कॉलरींची मापे आणि शिम मिळाले तर त्यांची जाडी, एवढे मला पुढच्या पत्रात कळवा. मग आपल्या लेथवर कोणकोणते आटे पडू शकतात याचा तक्ता मी आपल्याला करून देईन.